मारुती ८०० चा फ्लोअर सडलाय, घरीच वेल्डिंग शिकून करू का?

डिचोलीकर८००:
नमस्कार मंडळी. बाबांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, सहा वर्षं फणसाखाली उभी होती. नवी बॅटरी टाकली, पेट्रोल लाइन साफ केली आणि इंजिन लागलं सुद्धा, त्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसीला खरंच काही होत नाही. रडगाणं पत्र्याचं आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खालून कोंबडी जाताना दिसली. दाराखालच्या सिलमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. डेंटर म्हणतो गॅसने पत्रा चिकटवतो, वरून लांबी (म्हणजे पुट्टी) भरतो, कळणार पण नाही. कळणार नाही हेच मला नकोय, आणि खरं सांगायचं तर स्वतः करायची हौस आहे. इन्व्हर्टरवालं आर्क मशीन घेतलं, अडीच एमएमचा रॉड लावून एका जुन्या बॉनेटवर ट्राय केलं तर वेल्ड कमी आणि भोकंच जास्त, आई विचारते चाळण करतोयस का. तर आर्कने जमेल की मिग, म्हणजे रॉडऐवजी बारीक वायर आणि गॅसवालं मशीन, लागेलच? आणि आधी फ्लोअर कापू की सिल? चवथीला गाडी रस्त्यावर हवी.

फोंड्याचा_ठिणगी:
आर्क विसर. गेट-ग्रिलला ठीक, गाडीचा पत्रा जेमतेम एमएमभर जाड आणि गंजून अर्धा उरलेला, तो रॉडखाली टिकत नाही. मिग घे, ०.८ एमएमची वायर, मी सेकंडहँड घेतलंय अजून चालतंय. सलग लाइन ओढायची नाही, इथे एक टाका, वीतभर पुढे दुसरा, मग परत मागे, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, नाहीतर पापडासारखा वाकतो. मागे तांब्याची पट्टी धरलीस तर भोक पडत नाही, तांब्याला वेल्ड चिकटत नाही. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे, या गाडीला खाली वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच घेते आणि त्यात सिलचा वाटा मोठा. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापलेस तर गाडी मधे बसेल आणि दारं जन्मात लागणार नाहीत. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी अँगल टॅक कर (छोट्या टाक्यांनी तात्पुरता जोड), एक बाजू पूर्ण कर, दार लावून बघ, मगच दुसरी. आधी सिल, कारण फ्लोअरचा नवा पत्रा त्यालाच जोडायचाय, गंजलेल्या सिलला काय जोडणार.

मोरजीचं_खारं_वारं:
वरचं सगळं बरोबर, एकच भर. उघड्यावर करणार असशील तर दुपारी वारा सुटला की मिगचा गॅस उडून जातो आणि वेल्ड जाळीदार होतो, मी दोन दिवस मशीनला शिव्या घातल्या नंतर कळलं. सकाळी लवकर कर नाहीतर ताडपत्री बांध. आणि छपराचा उरलेला जीआय (जस्त चढवलेला) पत्रा वापरू नकोस रे, त्याच्या जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, मला आलेला, घरचे मलेरियाची टेस्ट करायला निघाले होते. साधा सीआरसीए (जस्त नसलेला गुळगुळीत लोखंडी) पत्रा आण, २० गेज.

जुनं_ते_सोनं:
हौस चांगली आहे पण पात्रांव, आधी आरसी बघ. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, सहा वर्षं उभी होती म्हणजे एखादी तारीख चुकलीच असेल. चेसिस नंबर कुठे कोरलाय ते शोधून ठेव, चुकूनही त्यावर ग्राइंडर फिरवू नकोस. आणि पेट्रोलची टाकी काढून लांब ठेव. रिकामी आहे म्हणून काय होतंय असं म्हणू नकोस, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त वाईट. बॅटरीची वायर काढ, कार्पेट आणि खालची डांबरी शीट खरवडून काढ, ती आतल्या आत धुमसते आणि तू दुसऱ्या बाजूला वेल्डिंग करत असतोस. पाण्याची बादली जवळ पाहिजेच.

फोंड्याचा_ठिणगी:
हां, आणि ते सिल आतून पोकळ असतात. वेल्ड झाल्यावर बाहेरून झिंक प्रायमर, जोडावर सीलर, आणि आतमध्ये वॅक्स फवार. लोक जळकं ऑइल ओततात तेही चालतं पण वेल्डिंग सगळं संपल्यावर, आधी नको, पेटेल. खालची पाणी निघायची भोकं बुजवू नकोस. नव्या पत्र्यात ती करायला लोक विसरतात.

डिचोलीकर८००:
सगळ्यांचे आभार. मिग बघतोय. एक गंमत सांगतो, पत्रा कापायच्या आधी काल सहज पाइपने काचेवर पाणी मारलं, बहिणीला आत बसवलं टॉर्च घेऊन. ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून धार आत, सरळ मॅटखालच्या नमद्यात. वायपरखालची जाळी काढली तर फणसाची पानं कुजून काळी माती झालेली, बोटाने उकरून काढली, त्यात एक गांडूळ. म्हणजे सहा वर्षं तिथे पाणी मुरत होतं आणि मी तसाच नवा फ्लोअर टाकणार होतो. शुक्रवारी म्हापशाला जाऊन रबर बघतो. चवथीचं जरा कठीण दिसतंय, दिवाळी धरा.

मोरजीचं_खारं_वारं:
कुठल्या सालची?