कोळंबी की ओले काजू? मुलीच्या अ‍ॅलर्जीबद्दल मदत हवी आहे

अबोली :

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला अलीकडेच अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा तीव्र त्रास झाला. नेमके कारण अजून कळलेले नाही आणि पाऊस लागण्यापूर्वी काही गोष्टी ठरवायच्या आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

चैत्रात घरी पाहुणे आले होते. कोळंबीचे सुके, ओल्या काजूंची उसळ, घावने आणि सोलकढी असा बेत होता. जेवण संपत आले असताना मुलगी ओठांना खाज येते म्हणू लागली. हात धुऊन येईपर्यंत तिच्या मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या होत्या, आणि खालचा ओठ एका बाजूने सुजून इतका जड झाला होता की तिला शब्द नीट उच्चारता येईनात. सासूबाईंना वाटले पित्त उठले. आमच्याकडे पूर्वापार करतात त्याप्रमाणे त्यांनी आमसुलांचा कोळ तिच्या अंगाला लावला आणि खाज थोडी कमीही झाली. परंतु पाठोपाठ तिला उलटी झाली, आवाज घोगरा झाला आणि ती सारखी घसा खाकरू लागली, तेव्हा आम्ही गाडी काढून तिला तालुक्याच्या ठिकाणी नेले. तेथे डॉक्टरांनी लगेच मांडीत इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी घरी सोडताना त्यांनी कोळंबी आणि काजू दोन्ही पूर्ण बंद करण्यास सांगितले, आणि मुलीला अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवावे असे कागदावर लिहून दिले.

आता माझ्या अडचणी मांडते. मुलगी लहानपणापासून कोळंबीही खात आली आहे आणि काजूही, मग इतक्या वर्षांनी हे एकाएकी कसे उद्भवले? त्या दिवशी सकाळी ती आजीबरोबर ओले काजू सोलायला बसली होती आणि हाताला खोबरेल तेल लावूनही तिच्या बोटांना चीक लागला होता. दोन दिवसांनी त्याच बोटांची कातडी काळवंडून सोलपटली. या चिकाचा आणि झाल्या प्रकाराचा काही संबंध असेल का? शिवाय दर पावसाळ्यात तिला पहाटे सलग शिंका येतात, नाक गळते आणि रात्री झोपेत छातीतून घरघर ऐकू येते. हा त्रास आम्ही आजवर हवेचा म्हणून सोडून देत आलो.

घरातली परिस्थितीही सांगते. आमची काजूची कलमे आहेत, त्यामुळे काजू घरात नाही असा दिवस नसतो. सध्या आगोटची (पावसाळ्यासाठीची) बेगमी चालू आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्यात आमच्या जेवणाचा आधार सोडे, सुकट आणि जवळा अशी सुकवलेली लहानमोठी कोळंबी हाच असतो. हे घरात भरावे की नाही? मुलीच्या पानात वाढले नाही म्हणजे पुरे, की चुलीवर सुकट भाजली तरी तिला बाधेल? बांगडे, सुरमई, तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे) हेही बंद करायचे का? सर्वच बंद केले तर किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलीने खायचे तरी काय, आणि काहीच बंद केले नाही तर पुढच्या वेळी गाडी वेळेवर पोहोचेल याची खात्री काय, या दोन विचारांत माझी झोप उडाली आहे.

चाचण्यांसाठी कोल्हापूरला जायचा विचार आहे. घाटात दरडी कोसळू लागल्या की तो रस्ता भरवशाचा राहत नाही, म्हणून जायचे तर लवकर गेले पाहिजे. कोणत्या चाचण्या खरोखर उपयोगी असतात आणि जाताना काय तयारी करावी, हे अनुभवी किंवा जाणकार सभासदांनी कृपया सांगावे.

सुरंगी :

अबोलीताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता निदान करता येणार नाही, परंतु तुम्ही इतके व्यवस्थित लिहिले आहे की काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतील.

एखादा पदार्थ वर्षानुवर्षे पचत असतानाही त्याची अ‍ॅलर्जी नव्याने उद्भवू शकते. शरीर त्या पदार्थातील प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते आणि ती त्वचेतील, श्वासमार्गातील व आतड्यांतील विशिष्ट पेशींना चिकटून राहतात. पुढे केव्हातरी तेच प्रथिन पोटात गेले की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम बाहेर टाकतात. गांधी, सूज, उलटी, घोगरा आवाज हे सर्व त्यातूनच घडते. एकाच वेळी त्वचा, पोट आणि श्वासमार्ग यांवर परिणाम झाला म्हणजे ती साधी अ‍ॅलर्जी राहत नाही. तिला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि ती जिवावर बेतू शकते.

काजूच्या चिकाचा प्रकार वेगळा आहे. काजूच्या टरफलातील तेलकट द्रव त्वचेला भाजतो आणि काहींना त्याची स्पर्शाची अ‍ॅलर्जीही असते. तिचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो आणि तो बहुधा लागलेल्या जागेपुरता राहतो. बिब्बा उततो तो याच जातीचा त्रास, कारण काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. आंब्याचा चीक लागून ओठांच्या कडेला चट्टे येतात तेही यातच मोडते. तेव्हा बोटांची कातडी गेली ती चिकामुळे असावी, परंतु जेवता जेवता जे घडले ते चिकामुळे नव्हे, तर पोटात गेलेल्या प्रथिनामुळे. काजूगराचे प्रथिन शिजवल्याने निष्प्रभ होत नाही आणि कोळंबीचेही होत नाही, त्यामुळे दोन्ही पदार्थ सारखेच संशयित आहेत.

आता तिच्या पावसाळी शिंकांकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गुंतागुंत तेथेच आहे. दमट हवेत गाद्या, उशा आणि गोधड्यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतील कीटक वाढतात आणि त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे पहाटेच्या शिंका व घरघर सुरू होते. या कीटकांत ट्रोपोमायोसिन नावाचे एक प्रथिन असते. तशाच घडणीचे प्रथिन कोळंबीत, कुर्लीत आणि झुरळातही असते. त्यामुळे ज्या मुलांना केवळ धुळीतील कीटकांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांची कोळंबीची चाचणीसुद्धा कधी कधी सकारात्मक येते, आणि प्रत्यक्षात ती मुले कोळंबी सुखाने खात असतात. तुमच्या मुलीची कोळंबीची चाचणी सकारात्मक आली आणि तेवढ्यावरून दोष कोळंबीला देऊन काजू पुन्हा सुरू केला, तर ते अत्यंत धोक्याचे ठरेल. दोन्हींची स्वतंत्र चाचणी झालीच पाहिजे.

त्वचेवर थेंब ठेवून सुईने हलके टोचण्याची चाचणी आणि रक्तातील त्या-त्या पदार्थाविरुद्धचे आयजीई मोजण्याची चाचणी, या दोन उपयोगी आहेत. सेट्रिझिनसारख्या खाजेवरच्या गोळ्या टोचणीच्या चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, रक्ताच्या चाचणीला त्यांची आडकाठी नसते. तीव्र त्रासानंतर लगेच टोचणीची चाचणी केली तर ती खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणून चार ते सहा आठवडे थांबतात. तुमचा तेवढा काळ बहुतेक होत आला असेल. चाचण्यांनंतरही शंका राहिली तर रुग्णालयात, सर्व औषधे हाताशी ठेवून, तो पदार्थ अगदी थोड्या प्रमाणापासून खाऊ घालून पाहतात. हा प्रयोग घरी कोणाच्याही आग्रहावरून करू नये. शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या केसांच्या तपासण्या आणि आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या यांवर पैसे घालवू नका, त्यांतून अ‍ॅलर्जीचे निदान होत नाही.

रापण :

ताई, माझ्या धाकट्या भावाला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे आणि आमचे घर वेंगुर्ल्याला, म्हणजे परिस्थिती तुमच्यासारखीच. घरातले सांगतो.

पानात वाढले नाही म्हणजे पुरे, असे होत नाही. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात सुरमईची तुकडी तळली तरी भावाचे ओठ सुजतात. आम्ही त्याच्यासाठी तवा, कालथा आणि तेलाचे भांडे वेगळे केले, आणि त्याचे नेहमी आधी शिजवून झाकून ठेवतो. सुकट भाजताना तर फारच जपावे लागते. सुकट निवडताना, पाखडताना जो बारीक भुगा उडतो तो नाकातोंडात जातो, आणि कोळंबी शिजताना निघणाऱ्या वाफेनेही काहींना खोकला आणि घरघर सुरू होते. माझे स्पष्ट मत असे की निदान होईपर्यंत यंदा सोडे, सुकट आणि जवळा घरात भरूच नयेत. आमच्या आईला हे फार जड गेले, कारण सोड्यांच्या आमटीवाचून तिचा पावसाळा जात नसे. पण आता ती बहिणीकडे गेली की तेथे खाऊन येते, आणि परतल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज नातवंडांनाही जवळ घेत नाही.

बाहेरच्या जेवणात मालवणी मसाल्याच्या लाल रश्शात काय काय उकळले आहे ते दिसत नाही. लग्नाच्या जेवणात काजूची पेस्ट घातलेली भाजी असते आणि वाढप्याला ते ठाऊकही नसते. आम्ही सरळ आचाऱ्याला जाऊन विचारतो. डबाबंद पदार्थांचे त्या मानाने बरे आहे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार कवचधारी जलचर, मासे, अंडी, शेंगदाणे, काजूसारखी कवचफळे, दूध, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो, तेव्हा ते वाचण्याची सवय मुलीलाच लावा.

बकुळ :

एक विचारायचे आहे. त्या दिवशी जेवणात बांगडा होता का? बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात किंवा कुप्यात (ट्यूना माशात) जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते आणि शिजवल्यानेही ते जात नाही. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, चट्टे येणे, डोके ठणकणे असा अ‍ॅलर्जीसारखाच त्रास होतो. आमच्याकडे असे झाले तेव्हा पंगतीतल्या अनेकांना एकदम झाले, आणि डॉक्टरांनी त्यावरूनच ओळखले की ही अ‍ॅलर्जी नसून विषबाधा आहे.

अबोली :

सर्वांचे मनापासून आभार. बकुळताई, बांगडा नव्हता आणि पंगतीतल्या इतर कोणालाही काही झाले नाही.

सुरंगीताई, काजूबद्दल तुम्ही दिलेला इशारा वाचून मी हादरले, कारण घरात सर्वांनी कोळंबीच गृहीत धरली होती आणि काजूकतली आणून ठेवायची बोलणी चालू होती. ती आता थांबवली आहे. यंदा सोडे-सुकट भरायची नाही असे सासूबाईंनीच ठरवले. दोन गोष्टी अजून विचारते. चाचणी होईपर्यंत मासे द्यावेत का? आणि पुन्हा तसेच झाले तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत आम्ही नेमके काय करावे?

सुरंगी :

माशांतील मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन कोळंबीतल्या प्रथिनापेक्षा अगदी निराळे असते. बांगडा, सुरमई, पापलेट ती त्या दिवसानंतरही त्रासाविना खात असेल, तर वेगळ्या भांड्यात केलेले आणि ताजे असे देण्यास हरकत दिसत नाही. कुर्ल्या आणि शेवंड (लॉबस्टर) मात्र कोळंबीबरोबरच बंद ठेवा. तिसऱ्या, कालवे आणि माकुल (स्क्विड) यांत कोळंबीइतका धोका नसला, तरी चाचणीपर्यंत तेही टाळावेत. काजूबरोबर पिस्ताही वर्ज्य करा, कारण त्या दोघांची प्रथिने फार जवळची आहेत. आंबा आजवर खात आली असेल तर तो सोलून, साल आणि देठाकडचा चीक धुऊन द्यावा.

तीव्र त्रासात जीव वाचवणारे औषध एकच, ते म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिन. सेट्रिझिनने गांधी आणि खाज कमी होते, परंतु श्वासमार्गाची सूज किंवा उतरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. आमसुलाच्या कोळाचेही तसेच, म्हणून अंगाची खाज शमली यावरून धोका टळला असे समजू नये. स्वतः टोचून घेता येणारे तयार पेन आपल्याकडच्या साध्या औषधदुकानांत सहज मिळत नाही. तुमचे गाव दवाखान्यापासून दूर आहे हे तज्ज्ञांना आवर्जून सांगा, मुलीच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या, आणि अ‍ॅम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) व सिरिंज घरी ठेवून घरातल्या दोघांनी ते शिकून घ्यावे का, हे त्यांनाच विचारा. त्रास सुरू होताच १०८ ला दूरध्वनी करावा किंवा गाडी काढावी. मुलीला आडवे ठेवून पाय थोडे उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, परंतु उभे करू नये किंवा चालवत नेऊ नये. बरे वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून दवाखान्यात थांबावे लागते. शाळेत वर्गशिक्षकांकडे हे सर्व एका कागदावर लिहून द्या.

पावसाळ्यातली घरघर तज्ज्ञांपुढे मुद्दाम मांडा. दमा आटोक्यात नसलेल्या मुलांत अन्नाची अ‍ॅलर्जी अधिक तीव्र होते, त्यामुळे तिला श्वासावाटे घेण्याचे नियमित औषध लागेल की नाही हे पाऊस लागण्यापूर्वीच ठरलेले बरे. गोधड्या आणि अभ्रे आताच्या उन्हात वाळवून घ्या, आणि पावसात ते शक्य असेल तेव्हा सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, कारण थंड पाण्याने हे कीटक मरत नाहीत.

कोल्हापूरला जाताना त्या दिवसाचा पूर्ण क्रम, म्हणजे काय खाल्ले, किती वेळात काय झाले, कोणते इंजेक्शन दिले, हे लिहून न्या. इंजेक्शनचे नाव तुमच्या कागदावर नसेल तर त्या दवाखान्यातून मागून घ्या. चाचणीच्या दिवशी खोकला किंवा घरघर असेल तर ती पुढे ढकलतात, म्हणून घाट चढण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारून मगच निघा.