‘जीवनावश्यक’ की ‘अत्यावश्यक’?

विचारणा (फोंडा, गोवा; पुढे बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावाच्या नावाने)
साथीच्या काळात पंचायतीने लावायच्या सूचनेचा नमुना करायचा आहे. २०२० मध्ये ‘जीवनावश्यक वस्तू व अत्यावश्यक सेवा इत्यादी वगळून सर्व व्यवहार बंद’ अशा धाटणीची वाक्ये सगळीकडे होती. या दोन शब्दांत खरोखर फरक आहे, की सवयीने जोडी जमली?

डिचोली
घडणीतच फरक आहे. जीवन + आवश्यक, म्हणजे जगायला लागणारे. अति + आवश्यक, इ चा य होऊन अत्यावश्यक, म्हणजे फार गरजेचे. पण कशासाठी, ते हा शब्द सांगत नाही. (‘आत्यावश्यक’ आणि ‘अत्यावशक’ दोन्ही चूक, फलकावर जाऊ देऊ नका.) त्यामुळे तांदूळ जीवनावश्यक आणि वीज खात्याचे काम अत्यावश्यक, अशी वाटणी रूढ झाली. ती ठेवावी.

घोटाळा १९५५ च्या कायद्यापाशी होतो. हिंदीत तो ‘आवश्यक वस्तु अधिनियम’; मराठीत कुठे ‘जीवनावश्यक’, कुठे ‘अत्यावश्यक’. त्याच्या अनुसूचीत औषधे, खते, तेलासह खाद्यपदार्थ, कापसाचे लडीतले सूत, पेट्रोलियम पदार्थ, ताग आणि बियाणे येतात. तागावाचून कुणाचा जीव जात नाही, म्हणून इथे ‘जीवनावश्यक’ हे भाषांतर फसलेच आहे. शिवाय तो कायदा साठेबाजी आणि भाव आवरण्यासाठी. १३ मार्च २०२० ला मास्क आणि सॅनिटायझर त्यात ३० जूनपर्यंत घातले, ते त्यासाठीच. दुकान उघडे ठेवायचे की नाही, हे ठरले २४ मार्चच्या आदेशाने, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. शब्द एक, कामे दोन.

साबण पाहा. १९५५ च्या अनुसूचीत तो नाही. टाळेबंदीत ‘किराणा’ म्हणजे काय, यावरून अडवणूक झाली तेव्हा केंद्रीय गृहसचिवांच्या २९ मार्चच्या पत्रात साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, डायपर, बॅटरीचे सेल, चार्जर ही नावे एकेक करून लिहावी लागली.

मडगाव
विशेषण कुठलेही घ्या, माझा राग ‘इत्यादी’वर आहे. लिहिणाऱ्याला तो सोयीचा वाटतो, पण नाक्यावरच्या पोलिसाने त्यातून काय समजावे? मार्च २०२० मध्ये केंद्राच्या यादीत किराणा असूनही गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकाने बंदच होती. जिथे नाव लिहिलेल्या वस्तूची ही गत, तिथे ‘इत्यादी’तल्या वस्तूचे काय होणार!

पावाचेच घ्या. ‘पाव जीवनावश्यक’ एवढे लिहून भागत नाही. भट्टीला मैदा, यीस्ट, मीठ आणि सरपण लागते. सरपणाचा टेम्पो अडवला की दुसऱ्या दिवशी उंडेही नाहीत आणि पोळीही नाही (दोन्ही गोव्याच्या पावाचेच प्रकार). त्यात सूचनेत ‘सकाळी ७ ते ११’ अशी वेळ घातली तर पोदेराची (पाववाल्याची) पहाटेची फेरी आणि संध्याकाळची फेरी दोन्ही बुडतात, आणि माणसे पावासाठी एकाच दुकानासमोर गर्दी करतात. घरोघर फिरणारा पोदेर गर्दी टाळतो. त्याला वेळेच्या अटीतून मोकळा ठेवायला हवा.

नुस्त्याचेही (मासळीचेही) तसेच. १० एप्रिलला केंद्राने मासेमारी, शीतसाखळी आणि विक्रीला मोकळीक दिली. पण किलोभर मासळीला साधारण किलोभर बर्फ लागतो. बर्फाचा कारखाना यादीत नसेल तर ट्रॉलर समुद्रात जाऊन उपयोग नाही. दुधाला पिशवीचे प्लास्टिक आणि पशुखाद्य हवे. बेळगावची भाजी चोर्ला घाटाने येते; टेम्पो भाजी उतरवून परत निघतो तेव्हा तो रिकामा असतो, आणि रिकाम्या गाडीत ‘जीवनावश्यक वस्तू’ दिसत नाही, म्हणून ती अडते. एकदा अडलेला चालक दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही.

पेडणे
तिसरा शब्दही नमुन्यात हवा: निकडीचे. आवश्यक म्हणजे किती गरजेचे, निकड म्हणजे किती लवकर. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. ते ठेवलेला फ्रिज बिघडला तर दुरुस्ती करणारा त्या घरापुरता निकडीचा, मग ‘फ्रिज दुरुस्ती’ एरवी कुठल्याही यादीत नसो. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागते. पास देताना रुग्णाबरोबर सोबतीचा माणूस आणि चालक यांचीही नावे घालावीत, तारखा आठवडाभराच्या एकदम. रोज नवा पास म्हणजे रोज नवी रांग.

आणि पासासाठी कुठे जायचे ते लिहाल तेव्हा आपल्याकडचा ‘मामलेदार’च लिहा. महाराष्ट्रातला नमुना उतरवून ‘तहसीलदार’ लिहिले तर गावातला म्हातारा कुठले कार्यालय शोधणार?

फोंडा
पटले. मथळ्यात ‘टाळेबंदी’ लिहू की ‘संचारबंदी’?

डिचोली
टाळेबंदी मुळात कारखान्याची: मालक दाराला टाळे लावतो ती. साथीत तिचा अर्थ पसरून व्यवहार बंद असा झाला. संचारबंदी म्हणजे माणसाने घराबाहेर न पडणे, जमावबंदी म्हणजे एकत्र न जमणे. आदेशात जे असेल तेच मथळ्यात. तिन्हींची सरमिसळ नको.

मडगाव
मग वाक्य असे करा: ‘किराणा, दूध, भाजी, पाव, मासळी, औषधे व गॅस यांची विक्री, घरपोच वाटप, त्यांना लागणारा कच्चा माल, बर्फ, सरपण, वेष्टने व पशुखाद्य यांची वाहतूक चालू राहील. वाहनाच्या परतीच्या रिकाम्या फेरीलाही परवानगी आहे.’

पेडणे
‘वेष्टने’ नाक्यावर कळणार नाही. ‘पिशव्या व खोके’ लिहा. आणि गॅसनंतर ‘रेग्युलेटर व नळी’ घाला; सिलिंडर दारात येऊनही चूल पेटत नाही ती त्यांच्यावाचून.