देवीच्या हातातलं कमळ 'आयुध' कसं?

निळीशाई: जुन्या छापील देवीचित्रांच्या प्रदर्शनासाठी ओळी लिहितेय. रविवर्म्याच्या लक्ष्मीखाली लिहिलं, 'आयुधे: वरच्या दोन्ही हातांत कमळ'. आयोजक म्हणतात, कमळाने कोणाला मारणार? 'प्रतीक' लिहा. मला ते पटत नाही. दुसरा शब्द आहे?

पोथीवाला: आयुधच ठेवा. विष्णूच्या चोवीस मूर्ती ओळखायच्या त्या आयुधक्रमावरून, म्हणजे शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहेत त्यावरून. त्यात पद्म आलंच की. मूर्तिशास्त्रात हातात धरलेलं ते आयुध.

अर्धविराम: शास्त्रात असेल. प्रदर्शनाला येणारा माणूस शास्त्र वाचून येत नाही. आयुध म्हणजे 'युध्' धातू, म्हणजे हत्यार. संपलं.

गोदाकाठ: खंडेनवमीला आमच्याकडे शिवणयंत्राला आणि अडकित्त्यालासुद्धा हळदकुंकू वाहत. आजी त्याला आयुधपूजाच म्हणायची. धातूवर अर्थ ठरवायचा तर निम्मी मराठी मोडीत काढावी लागेल.

अर्धविराम: अडकित्ता निदान कापतो तरी!

सुईदोरा: 'लांछन' चालेल का? जैन मूर्तींच्या ओळखचिन्हाला तोच शब्द आहे. ऋषभनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा नाग, महावीरांचा सिंह.

पोथीवाला: ते लांछन पीठावर कोरतात, हातात नसतं. शिवाय 'चंद्रमे जे अलांछन' पाठ असलेल्या लोकांसमोर 'लक्ष्मीचे लांछन' लिहून बघा.

निळीशाई: 😄 नको. 'प्रतीक'ला माझी हरकत अशी की त्यात अर्थ आधीच सांगून टाकल्यासारखं होतं. हातात काय आहे ते आधी सांगायचं, कशाचं प्रतीक ते बघणारा ठरवेल. कालीची जीभच घ्या. बंगालमध्ये लोक सांगतात, शंकरावर पाय पडला म्हणून लाजेने जीभ चावली. दुर्गासप्तशतीत चामुंडा तोंड पसरून रक्तबीज राक्षसाचं रक्त पिते. चित्र एकच, आता प्रतीक लज्जेचं म्हणू की संहाराचं?

गोदाकाठ: कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं म्हाळुंगाचं फळ कुठे बसवणार? गदा आणि खेटक ठीक, पण म्हाळुंग आणि पानपात्र, म्हणजे पिण्याचं भांडं?

पोथीवाला: चारही आयुधंच. 'मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च' असं एका दमात येतं. म्हाळुंगाला बीजाचं, सृष्टीचं प्रतीक म्हणतात ते नंतरचं भाष्य. खेटक म्हणजे ढाल, हे चित्रओळीत द्या मात्र.

सुईदोरा: आणि लक्ष्मीचे खालचे दोन हात? अभय आणि वरद, तिथे तर काहीच धरलेलं नाही.

पोथीवाला: त्या मुद्रा, म्हणजे हातांच्या खुणा.

अर्धविराम: कॅलेंडरातल्या लक्ष्मीच्या वरदमुद्रेतून मुद्राच पडतात. हा श्लेष कोणी मुद्दाम केला असेल तर त्याला नमस्कार.

गोदाकाठ: रविवर्म्याचा विषय निघालाय म्हणून विचारते. त्याच्या सरस्वतीजवळ मोर का? वाहन तर हंस.

पोथीवाला: आपल्याकडे मोर रुळलेला आहे. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो ना, तो मोराचा पिसाराच.

अर्धविराम: पिसारा कुठला, ते यंत्र आहे, पूजेतली रेखाकृती. आमचे गुरुजी यंत्रच म्हणायचे.

सुईदोरा: आमच्या आईच्या मते ती देवीच. वरचा एक म्हणजे डोकं, बाजूचे म्हणजे हात.

निळीशाई: मंडळी, ओळी उद्या छापायला जायच्यात. 'हाती: कमळ' एवढंच लिहिलं तर?

अर्धविराम: यंत्र नसेल तर ते इतकं सममित कसं?

गोदाकाठ: पिसारा सममित नसतो वाटतं? तुमच्या पाटीवर एक किती काढायचे ते सांगा आधी, मग ठरवू.