फ्रँक राजांनी राज्य मुलांत वाटले, ही खरोखर चूक होती का?

वाटसरू :
इ. स. ५११ मध्ये गॉलवर, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागावर, राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचा राजा क्लोविस वारला आणि त्याचे राज्य थ्युडेरिक, क्लोडोमर, चिल्डेबर्ट व क्लोथार या चार मुलांत वाटले गेले. राज्याला बापाची खासगी मालमत्ता समजण्याच्या या वृत्तीमुळेच फ्रँक सत्ता खिळखिळी झाली, असे सर्रास लिहिले जाते; मला ते पटत नाही. चौघांनी आपली ठाणी रँस, ऑर्लेआँ, पॅरिस आणि स्वासाँ अशी फार लांब नसलेल्या शहरांत ठेवली. चार स्वतंत्र देश करायचे असते, तर ती इतकी जवळजवळ कशाला ठेवली असती? वाटणीला पंचवीस वर्षे व्हायच्या आत, ५३४ मध्ये, फ्रँकांनी बर्गंडीचे राज्यही जिंकले. शिवाय ७५१ पर्यंत सिंहासन याच मेरोव्हिंजियन घराण्याकडे राहिले, कारण राजा व्हायचे तर क्लोविसच्या रक्ताचा माणूस हवा, ही समजूत प्रत्येक भागात घट्ट रुजली होती.

जुनी पाने :
घराणे टिकले, पण घरातल्या माणसांचे काय झाले? ५२४ मध्ये क्लोडोमर बर्गंडीवरच्या स्वारीत पडला. त्याची तीन लहान मुले आजी क्लोटिल्डकडे, म्हणजे क्लोविसच्या विधवेकडे, वाढत होती. तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो, की चिल्डेबर्ट आणि क्लोथार या काकांनी मुलांना ताब्यात घेतले आणि आजीकडे कात्री व नंगी तलवार पाठवून विचारले, केस कापून जगू द्यायचे की मारायचे? लांब केस ही राजवंशाची खूण असल्याने कात्रीचा अर्थ राज्यावरचा हक्क सोडणे असाच होता. संतापाच्या भरात आजी म्हणाली, राज्य मिळणार नसेल तर ती मेलेली बरी. क्लोथारने थोरल्याला भोसकले. धाकट्याने चिल्डेबर्टचे पाय धरले. त्याला दयाही आली, पण क्लोथारपुढे तो नमला आणि तेही मूल मारले गेले. तिसरा, क्लोडोआल्ड, त्यांच्या हाती लागला नाही; पुढे तो स्वतःच केस कापून धर्मसेवेत गेला. भाऊ मेला तर त्याचा वाटा भावांचा की पुतण्यांचा, हे ज्या व्यवस्थेत ठरलेलेच नव्हते, तिला व्यवस्था तरी कसे म्हणावे?

तळटीप :
दोघेही वाटणीला रूढ नियम धरून चालला आहात, हीच माझी हरकत आहे. क्लोविसपूर्वी अशी वाटणी झाल्याचा पुरावा मिळत नाही. थ्युडेरिक क्लोटिल्डचा मुलगा नव्हता. वयाने मोठा होता आणि बापाच्या हयातीत त्याने सैन्य चालवले होते. त्याला डावलणे अशक्य होते आणि क्लोटिल्डला आपल्या मुलांचा हक्क राखायचा होता, यातून निघालेली ती तडजोड असावी, असे मानणारे अभ्यासक मला अधिक पटतात. पुढे ६२९ मध्ये याच घराण्यातल्या डॅगोबर्ट राजाने जवळजवळ सगळे राज्य स्वतःकडे ठेवून सावत्र भाऊ कॅरिबर्टला अ‍ॅक्विटेनमधला तुकडा दिला. समान वाटणीचा नियम असता, तर हे कसे झाले असते?

वाटसरू :
तळटीप, तुमचा मुद्दा मान्य केला तरी माझे म्हणणे उभेच राहते : वाटणी ही तडजोड असेल, पण ती उपयोगी तडजोड होती. तिच्याविना काय होते, ते ८१७ नंतर दिसले. ७५१ नंतर आलेल्या कॅरोलिंजियन घराण्यातल्या सम्राट लुई द पायसने थोरला मुलगा लोथार याला सहसम्राट केले आणि धाकट्यांना त्याच्या हाताखाली दुय्यम राज्ये दिली, कारण साम्राज्य एकसंध ठेवायचे होते. इटलीत राज्य करणारा पुतण्या बर्नार्ड बिथरला. बंड मोडून त्याचे डोळे काढले गेले आणि ८१८ मध्ये तो मेला. ८४१ मध्ये फाँतनॉयला लुईचे मुलगे, सख्खे-सावत्र भाऊ, एकमेकांशी लढले, आणि ८४३ मध्ये व्हर्डनला शेवटी तीन वाटे करावेच लागले.

जुनी पाने :
बर्नार्डबद्दल मी वाद घालणार नाही. पण फाँतनॉयचे खापर ८१७ च्या नियमावर फोडू नका. ८२३ मध्ये लुईला दुसऱ्या पत्नीपासून चार्ल्स हा मुलगा झाला आणि ८२९ मध्ये लुईनेच त्याच्यासाठी अलेमानियाचा (आजच्या नैऋत्य जर्मनीकडच्या प्रदेशाचा) वाटा काढून आधीची व्यवस्था मोडली; पुढच्याच वर्षी थोरल्या मुलांचे पहिले बंड झाले. एकसंध राज्याचा नियम जुन्या वाटणीच्या सवयीने मोडला, आणि ती सवय तुम्ही ज्या मेरोव्हिंजियन राजांचे गोडवे गाता, त्यांनीच लावलेली होती.