बुई क्वांग चिएव मेला ते ‘बरंच झालं’?

गणू_कट्टेकर: परवा इथे एकाने ठोकून दिलं: ‘व्हिएतनामचा बुई क्वांग चिएव म्हणजे फ्रेंचांचा पाळीव पोपट. 1945 साली व्हिएत मिन्हने (हो ची मिन्हच्या कम्युनिस्टांची स्वातंत्र्य आघाडी) मुलांसकट संपवला, बरंच झालं.’ खाली बदामांचा पाऊस. मुलांनी कुणाचं घोडं मारलं होतं हो?

माणूस 1872 चा, दक्षिण व्हिएतनाममधल्या बेन त्रेचा. शेतकी शिकायला फ्रान्सला गेला, परत येऊन सरकारी नोकरी केली. 1917 मध्ये सायगावात फ्रेंच भाषेत वर्तमानपत्र काढलं. 1923 मध्ये बंदराची मक्तेदारी एका फ्रेंच टोळक्याच्या घशात घालायचा घाट घातला गेला, तेव्हा विरोधाला चिएव आणि त्याचे साथीदारच उभे राहिले. मग त्यांचा संविधानवादी पक्ष. 1926 मध्ये वसाहत मंडळातल्या (दक्षिणेतल्या फ्रेंच वसाहतीची निवडून दिलेली सभा) व्हिएतनामींच्या दहाही जागा त्यांनी जिंकल्या. तुरुंगात गेला नाही म्हणजे देशद्रोही, हा हिशोब मला पटत नाही.

तिरकस: दहाही जागा! मतदार किती होते तेही सांगा की. चाळीसेक लाख वस्तीत जेमतेम 20 हजार, तेही जमीनदार, व्यापारी आणि सरकारी नोकर. त्या वर्तमानपत्रावर गव्हर्नर जनरल सारोची मर्जी होती, ते बरं विसरलात.

24 मार्च 1926 घ्या. चिएव फ्रान्सहून परतला, धक्क्यावर हजारोंची गर्दी. त्याच दिवशी फ्रेंचांवर तुटून पडणारा तरुण पत्रकार न्ग्युएन आन निन्हला अटक, त्याच रात्री ज्येष्ठ देशभक्त फान चाऊ त्रिन्ह गेले. पोरं पेटलेली, आणि साहेब सांगतात, शांत राहा, फ्रेंचांशी सहकार्य करा. पोरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली यात नवल काय? निन्ह 1943 मध्ये पुलो काँदोर बेटावरच्या तुरुंगात मेला. चिएव तेव्हा कुठे होता?

अनुराधा_के: तिरकस, घरात बसून दुसऱ्याला तुरुंगात पाठवणं सोपं असतं. माझे आजोबा इंग्रजांच्या कचेरीत कारकून. बेचाळीसला राजीनामा दिला नाही, कारण खाणारी तोंडं घरात होती. गावाने ‘टोडी’ म्हणून हिणवलं. तेच आजोबा रात्री भूमिगतांची पत्रं पोचवायचे. आणि चिएवची मुलगी आंरिएत व्हिएतनामची पहिली स्त्री डॉक्टर, पॅरिसला शिकलेली. त्या काळात मुलीला इतकं शिकवणारा बाप निव्वळ पोपट?

तिरकस: ताई, मुलगी डॉक्टर झाली म्हणून बाप पावन झाला? आजोबांना माझा नमस्कार. चिएवने कुणाची पत्रं पोचवली तेवढं सांगा.

मेकाँगवाला: हा माणूस 1928 च्या कलकत्ता काँग्रेसला हजर होता, हे इथे कुणाच्या गावीही नाही! मोतीलाल अध्यक्ष, वसाहतीचं स्वराज्य की पूर्ण स्वातंत्र्य यावर हमरीतुमरी. त्याला ते वसाहतीचं स्वराज्यच हवं होतं. गंमत म्हणजे सायगावात त्याच्या लोकांचा राग आपल्याच माणसांवर. पाँडिचेरीहून आलेल्या तमिळ कारकुनाला फ्रेंच नागरिक म्हणून पॅरिसचा खासदार निवडायचा हक्क, आणि बेन त्रेच्या मास्तरला नाही.

चिंचवडकर: आणि चेट्टियार, ते तमिळ सावकार? त्यांचं नाव का घेत नाही? व्याजाने मेकाँग नदीचा अख्खा मुलूख पोखरला त्यांनी. आमची चार एकर सावकाराने अशीच गिळली, आजी मरेपर्यंत त्या बांधाकडे बघत नव्हती. सावकार इथून तिथून सारखाच.

मेकाँगवाला: झालं, आली गाडी सावकारावर! मी कामानिमित्त सायगावात राहिलोय. मध्यवस्तीतलं मारियम्मन मंदिर त्या काळच्या तमिळांचं, आज तिथे व्हिएतनामी बायका उदबत्त्या लावतात. सगळेच रक्तपिपासू असते तर एव्हाना तिथे पार्किंग झालं असतं.

चिंचवडकर: देवळात उदबत्ती लागली की व्याज माफ होतं का? मंदीत भाताचा भाव कोसळला तेव्हा जमिनी कुणाकडे गहाण पडल्या?

तिरकस: एक मिनिट. त्या जमिनी होत्या कुणाच्या? चेट्टियारांकडून कर्ज काढणारे मुख्यतः जमीनदार, म्हणजे चिएवच्या पक्षाचेच लोक. त्यांची कुळं निम्म्याच्या आसपास पीक खंडात देत होती. कुळाला मत नव्हतंच. पक्षाने सावकारावर आरडाओरडा केला, खंडावर किती केला? 1930 मध्ये शेतकरी करमाफी मागत मोर्चे काढत होते, तेव्हा यांना कम्युनिस्टांचीच जास्त धास्ती.

गणू_कट्टेकर: बरं बाबा, जमीनदारांचा पक्ष होता, मान्य. खूश? 1932 नंतर तो वसाहतींच्या वरिष्ठ मंडळावर पॅरिसला जाऊन बसला, तेही घ्या पदरात. पण यातलं काय ऐकून तुम्ही त्याच्या मुलांना गोळ्या घालणार, ते सांगा. मूळ प्रश्न तो होता.

तिरकस: मुलांना मारल्याचं समर्थन मी कुठेच केलेलं नाही. ते बदामवाल्यांना विचारा.

चिंचवडकर: चेट्टियारांवर कुणी उत्तर देणार आहे की मी वेगळा धागा काढू?

मेकाँगवाला: काढा. तिथे आधी चार एकराची कागदपत्रं टाका, सही कुणाची होती ते बघू.

चिंचवडकर: आजोबांची होती. अंगठा. बोला आता.