अस्वलांच्या झुंजी : 'तो काळच तसा होता' एवढ्यावर विषय संपतो का?

रानवाट :
पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातल्या लंडनविषयी बोलताना आपण नाटकांबद्दल भरभरून बोलतो. पण थेम्सच्या त्याच दक्षिण काठावर अस्वलांच्या झुंजींचे आखाडेही होते. खांबाला साखळीने बांधलेलं अस्वल आणि त्याच्या अंगावर सोडलेले मॅस्टिफ कुत्रे. १५९८ मध्ये तिथे गेलेल्या पाउल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने याहून वाईट प्रकार लिहून ठेवलाय. डोळे फोडलेलं अस्वल मधे, भोवती पाच-सहा माणसं चाबूक घेऊन. साखळीमुळे त्याला सुटता येत नाही; जो टप्प्यात येईल त्याला ते खाली पाडतं, हातातला चाबूक हिसकावून मोडून टाकतं. आणि हा खेळ!

यावर "तो काळच तसा होता" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. फिलिप स्टब्स या इंग्लिश लेखकाने १५८३ मध्येच आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की हे प्राणीही देवानेच घडवलेत, निदान त्याच्यासाठी तरी त्यांचे हाल करू नका. म्हणजे कळत होतं.

पारिजात :
साफ असहमत. स्टब्सचं बाकीचंही वाचा. त्याच पुस्तकात फुटबॉल म्हणजे खुनाखुनी, आणि नाच, नाटक, मेपोल (सणाला उभारलेल्या खांबाभोवतीचा नाच) हे सगळं पाप. जानेवारी १५८३ मध्ये एका रविवारी पॅरिस गार्डन या झुंजींच्या आखाड्यातला प्रेक्षकांचा सज्जा कोसळून माणसं मेली, तेव्हा प्युरिटन (कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींनी काय सांगितलं? रविवार बाटवल्याची देवाने दिलेली शिक्षा! त्यांचं खरं भांडण रविवारशी होतं. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला मोकळा दिवस तेवढाच मिळायचा, हे कुणी बघायचं?

उंबरठा :
राबणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर १५४१ चा कायदा बघा. लोकांनी तिरंदाजीचा सराव करावा म्हणून मजूर, कारागीर, नोकर यांना बोल्स (हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ), टेनिस, पत्ते, फासे बंद. सूट फक्त नाताळात. वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन असलेल्याला मात्र स्वतःच्या बागेत बोल्स खेळायचा परवाना मिळू शकत होता. अस्वलांच्या झुंजींना तर थेट दरबारचाच आश्रय. १५७५ मध्ये केनिलवर्थच्या आपल्या किल्ल्यात लेस्टरच्या अर्लने राणीसाठी तेरा अस्वलं आणवली होती. १५९१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (राणीच्या सल्लागार मंडळाने) गुरुवारी नाटकं करायला मनाई केली, कारण त्या दिवशी झुंजींचा प्रेक्षक तिकडे जायचा. तेव्हा 'काळ तसा होता' म्हणताना हेही धरा की तो तसा ठेवण्यात राज्यकर्त्यांचा हात होता.

रानवाट :
@उंबरठा, +१. रविवार पाळण्याचं विधेयक १५८५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं, राणीनेच संमती नाकारली.

पारिजात :
बरोबर, आणि चांगलंच केलं. पुढे प्युरिटनांच्या हाती सत्ता आली तेव्हा त्यांनी अस्वलांचं काय केलं? १६५६ मध्ये कर्नल प्राइडच्या सैनिकांनी ती गोळ्या घालून मारली. ही तुमची भूतदया!

रानवाट :
ते वाईटच झालं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण सैनिकांनी पुढे काय केलं यावरून स्टब्सचं वाक्य खोटं ठरत नाही. बोल्स, नाच, फुटबॉल यांच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे, लोकांनी रविवारी खुशाल खेळावं. डोळे फोडलेल्या जनावराला चाबकाने मारणं मात्र त्या यादीत बसवू नका. त्यावर कायद्याने बंदी यायला १८३५ साल उजाडलं. अडीचशे वर्षं उशीर.