जानेवारीत बघितलेला फ्लॅट मे महिन्यात कसा असेल?

नवं_घर_थाटीपूर
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला पहिलंच घर घेतोय. थाटीपूरला तीन मजली इमारतीत सगळ्यात वरचा टू बीएचके बघितलाय, रीसेलचा. मालक दीड टनाचे दोन एसी, बाथरूममधला गीझर आणि खिडकीवरचा मोठा कूलर सोडून जाणार आहेत आणि किंमत त्या हिशेबाने वाढवून सांगतायत. सकाळी एसी लावून बघितला तर नुसता पंखा फिरला. "थंडीत असंच होतं," म्हणाले. खरं का? सासूबाईंचं म्हणणं, वरचा मजला घेऊच नका. बयाणा द्यायच्या आधी नक्की काय तपासू?

मोरारची_काकू
आम्ही वरच्याच मजल्यावर राहतो गं. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून घेतली तेव्हा कुठे खोल्यांत झोपता यायला लागलं. पण आधी विचार, गच्ची कोणाची? सगळ्यांची असेल तर तिथं काही करायला बाकीच्यांची लेखी हो हवी. सासूबाईंचं ऐकून घे, पण हे घर नको म्हणायच्या आधी गच्चीवर जाऊन ये.

लष्करचा_फिटर
ताई, मालक खोटं बोलत नाहीयेत. खोलीच बारा-चौदा अंशांवर असेल तर रिमोटवर १६ लावूनही कॉम्प्रेसर चालू होत नाही. दुपारी जा, दारं-खिडक्या लावून रूम हीटर चालवा, खोली २५ च्या वर गेली की हीटर बंद करून एसी लावा. पंधरा मिनिटांनी वरून आत ओढली जाणारी हवा आणि खालून येणारी हवा दोन्हीकडे थर्मामीटर धरा. आठ-दहा अंशांचा फरक दिसला पाहिजे. मग बाहेरच्या युनिटला जिथे तांब्याच्या नळ्या जोडल्यात, त्या नटांवर बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर गॅस गळतोय, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. त्याच युनिटच्या पट्टीवर बनल्याचं साल आणि गॅसचं नाव असतं. आर-२२ दिसलं तर त्या एसीचा एक रुपयाही किमतीत धरू नका. ओझोनचा थर वाचवायच्या आंतरराष्ट्रीय करारापायी तो गॅस बंद होत चाललाय.

पण एसी उद्या बदलता येतो. मी कोणाबरोबर घर बघायला गेलो की आधी भिंती आणि मीटर बघतो, कारण घर गरम का होतं ते तिथेच कळतं.

जानेवारीत ऊन फसवतं. आत्ता सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, म्हणून दक्षिणेच्या खोलीत ऊन दिसतं आणि वायव्येची खोली गार लागते. जूनमध्ये उलटं. आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीत ऊन फारसं शिरतच नाही. मावळतो मात्र पश्चिमेच्याही बराच उत्तरेला. म्हणजे आज जी खोली सगळ्यात सुखाची वाटतेय, तिचीच भिंत संध्याकाळी चार ते सात भाजून निघणार. फोनवर दिशा लावून बघा. पश्चिम आणि वायव्येच्या भिंती नऊ इंची आहेत की साडेचार इंची, हे खिडकीच्या चौकटीशी टेप लावून मोजा. साडेचार इंची भिंत, वर उघडा स्लॅब, आणि बेडरूम तिथेच, असं असेल तर दीड टनाचा एसीही धापा टाकेल.

आता वीज. मालकाकडून ताजं बिल मागा, त्यावर स्वीकृत भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज वापरायची मंजुरी आहे, ते लिहिलेलं असतं. दीड टनाचा एक एसी भर उन्हात साधारण दीड-पावणेदोन किलोवॉट खातो, गीझर दोन. दोन एसी आणि गीझर एकदम चालले तर पाचच्या वर गेलात, फ्रिज आणि मोटर वेगळीच. बिलावर दोन किलोवॉट असेल तर भार वाढवण्याचा खर्च आत्ताच हिशेबात घ्या. एसी आणि गीझरला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीपासून, स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची तांब्याची तार हवी. पॉवर प्लग पिवळा किंवा काळा पडला असेल तर तार बारीक आहे नाहीतर जोड ढिला आहे. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का बघा, त्याचं 'टी' बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. नसेल तर बाथरूममध्ये गीझर लावून आंघोळ करू नका, हे मी हात जोडून सांगतो.

कूलर मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये झकास चालतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. ओली हवा बाहेर जायला वाट नसली तर घरात नुसती दमट उकड. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपला, तेव्हा दोन महिने एसीवरच काढायचे.

नवं_घर_थाटीपूर
दादा, खूप आभार. आत्ताच बिल मागवलं, भार २ किलोवॉट. आणि गीझर विजेचा नाही, गॅसचा आहे, बाथरूमच्या आतच लावलेला. चालेल का?

लष्करचा_फिटर
नाही चालणार, ताई. गॅसचा गीझर खोलीतला ऑक्सिजन खातो आणि हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत लोक खिडकी घट्ट लावून आंघोळीला जातात, आणि तेव्हाच घात होतो. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपणाऱ्यांचंही तसंच होतं. तो गीझर काढून बाहेर बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावून घ्या आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. नाहीतर १५ लिटरचा विजेचा बसवा. आत्ताच्या गार पाण्याला दोन किलोवॉटवर पंचवीसएक मिनिटं लागतात, त्या हिशेबाने सकाळचा क्रम ठरवा.

मोरारची_काकू
मालकांना हे सगळं कागदावर लिहून दे, भार वाढवण्याचा खर्चसुद्धा. आणि सासूबाईंना एकदा गच्चीवर घेऊन जा, दुपारच्या उन्हात.